अंधारात हाताला लागणारी बॅटरी: ट्रिटिअमची चौकशी ते चमकणारं कडं

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात त्याला सेल. इथेही तेच शब्द ठेवले आहेत.

शेतीपंपाची थ्री-फेज लाइन आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याचं ओलित रात्रीच करावं लागतं. लाइन येईपर्यंत बाजेवर जरा अंग टाकायचं, मोटर सुरू झाल्याचा आवाज आला की उठायचं आणि आधी बॅटरी शोधायची. धोका याच अर्ध्या मिनिटात आहे. बाजेखाली, पोत्यांच्या कडेला, स्टार्टरच्या पेटीखाली हात चाचपडत फिरतो. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतसुद्धा नाही, त्यामुळे चावल्याचं उशिरा कळतं. उजेड देणारी वस्तू शोधायला उजेड नसतो, एवढीच ही अडचण. बॅटरीच अंधारात चमकून दिसावी म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर जे केलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाला पहिल्यापासून धडपड करावी लागणार नाही.

सुरुवात ट्रिटिअमपासून झाली. काही महागड्या बॅटऱ्यांच्या अंगावर बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत काचेच्या नळ्या बसवलेल्या असतात. नळी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, बहुतेक वेळा दीड मिलिमीटर जाड आणि पाच-सहा मिलिमीटर लांब. आत ट्रिटिअम म्हणजे हायड्रोजन-३ हा वायू असतो आणि काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा थर. ट्रिटिअममधून निघणारे बीटा कण त्या थरावर आदळतात आणि थर उजळतो. ऊन लागत नाही, सेल लागत नाही, वर्षानुवर्षं रात्रंदिवस उजेड चालू. ट्रिटिअमचा अर्धायुकाल १२.३ वर्षं, म्हणजे बारा वर्षांनी उजेड साधारण निम्म्यावर येतो. बीटा कणांची ऊर्जा फार कमी, जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. ते काचेच्या बाहेरच येत नाहीत. नळी फुटली आणि वायू श्वासावाटे किंवा पाण्याच्या रूपात अंगात गेला, तरच प्रश्न. म्हणून बंद खोलीत नळी फुटली तर दारं-खिडक्या उघडून बाहेर निघायचं आणि तुकडे उघड्या हाताने गोळा करायचे नाहीत.

ही नळी चिकटवण्याचंही एक शास्त्र आहे. तापल्यावर ॲल्युमिनिअम जेवढं फुगतं, त्याच्या सातव्या हिश्शाएवढीच ही बोरोसिलिकेट काच फुगते. नळी कडक गोंदाने घट्ट आवळून बसवली तर बॅटरी तापली-निवली की ताण काचेवर येतो. म्हणून खाच नळीपेक्षा किंचित मोठी ठेवतात, दीड मिलिमीटरच्या नळीला १.६ ची, आणि उरलेली फट अतिनील प्रकाशाने सुकणाऱ्या पारदर्शक, जरा लवचिक गोंदाने भरतात. फेविक्विकच्या जातीचा गोंद इथे चालत नाही. सुकताना त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि काचेवर पांढरी झाक येते.

८ सप्टेंबरला परदेशातल्या एका विक्रेत्याला मेल केला. नऊ दिवसांनी, १७ तारखेला, उत्तर आलं की भारतात आम्ही पाठवत नाही. तोपर्यंत इकडचे नियम वाचून झाले होते आणि ते आधीच वाचायला हवे होते असं वाटलं. ट्रिटिअम किरणोत्सारी आहे, म्हणून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २००४ चे किरणोत्सार संरक्षण नियम तेव्हा त्याला लागू होते. परवानगी देणारी संस्था म्हणजे मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ. अर्ज ‘ई-लोरा’ नावाच्या त्यांच्या पोर्टलवर करायचे असतात, पण तिथली रचना रुग्णालयं, कारखाने, प्रयोगशाळा यांच्यासाठी आहे. आधी संस्थेची नोंदणी, मग किरणोत्साराची जबाबदारी घेणारा माणूस, मग पुढचं. दोन नळ्या हव्या असलेल्या शेतकऱ्यासाठी त्यात रकाना नाही. तालुक्याच्या पोस्टात विचारलं तर तिथल्या बाबूंनी मनाई असलेल्या वस्तूंची यादीच दाखवली. किरणोत्सारी पदार्थ त्यात होता.

‘की-चेन’ असं लिहून मागवता येतं, कुणाला कळत नाही, असं सांगणारे भेटतात. तसं करू नका. पार्सल कस्टममध्ये उघडलं तर तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो, आणि खोटं लिहून मागवलेली वस्तू पुढे घरात मुलांच्या हाताशी राहते. कुणाकडे जुन्या होकायंत्रात किंवा घड्याळात अशी नळी असेलच, तर ती उकरून काढून बॅटरीला लावण्याच्या फंदातही पडू नका. काच केसासारखी पातळ असते आणि उकरतानाच फुटते.

२४ सप्टेंबरला ट्रिटिअमचा नाद सोडला. वाईट वाटलं, पण पर्याय हाताशी होता आणि आमच्या कामाला तो पुरतो, हे पुढे कळलं.

तो पर्याय म्हणजे स्ट्रॉन्शिअम ॲल्युमिनेटची पूड. तिच्यात युरोपिअम आणि डिस्प्रोसिअम या दोन धातूंचा अंश मिसळलेला असतो. ती किरणोत्सारी नाही. उजेड शोषून घेते आणि सावकाश सोडत राहते. भिंतीवर चिकटवायच्या जुन्या चांदण्यांत झिंक सल्फाइड असायचं, ते तासाभरात विझायचं. ही पूड त्याच्यापेक्षा कितीतरी उजळ आणि रात्रभर टिकणारी. मागवताना तीन गोष्टी बघा. नाव स्पष्ट ‘स्ट्रॉन्शिअम ॲल्युमिनेट’ लिहिलेलं हवं, नुसतं ‘ग्लो पावडर’ नको. रंग हिरवा किंवा निळसर-हिरवा घ्या, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला साधारण ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड सगळ्यात चांगला दिसतो. लाल-नारिंगी पूड दिवसा सुंदर दिसते, रात्री कामाची नाही. आणि पूड अगदी मैद्यासारखी नको, बारीक रव्याच्या जवळ जाणारी असली तर जास्त उजळते.

५० ग्रॅमला ३२० रुपये आणि कुरिअरचे ६० लागले. कुरिअर गावात येत नाही, ३० सप्टेंबरला तालुक्याच्या ऑफिसातून आणलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, ८० रुपयांची बाटली. हात धुवायचं सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि गोंद धरत नाही. एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद, नागपूरला जाणाऱ्या एकाकडून मागवलं. रेझिनच्या शोभेच्या वस्तू करायचं सामान विकणारी दुकानं आहेत, त्यांच्याकडचं पाण्यासारखं स्वच्छ, सावकाश सुकणारं घ्यायचं. १५० ग्रॅमचा जोड २६० रुपयांना पडला.

पूड एपॉक्सीत कालवून बॅटरीवरच्या गोल खाचेत भरायची, वाळलं की तेच चमकणारं कडं. आता हे कडं बसवायचं कुठे? डोक्याकडच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांच्या खाचा तयारच असतात, पण फुल उजेडावर डोकं इतकं तापतं की एपॉक्सी मऊ पडतं. बॅटरीची मधली नळी हातात झाकली जाते आणि तिची भिंतही पातळ असते. उरलं मागचं झाकण, ज्यात बटण असतं. बॅटरी दोरीने खुंटीला लावली किंवा तोंडावर उभी ठेवली तरी मागचं झाकण वरच राहतं. म्हणून झाकणाभोवती लेथवर गोल खाच पाडायची असं ठरवलं.

लेथचं दुकान १ आणि २ ऑक्टोबरला बंद होतं. खंडेनवमीला मशीनची पूजा आणि दुसऱ्या दिवशी दसरा, त्या दिवसांत मशीनला हात लावत नाहीत. ४ तारखेला काम झालं. लेथवाल्या भाऊंनी झाकण हातात घेतल्या घेतल्या विचारलं, “याच्यात आटे कुठवर हायेत, ते आधी दाखवा.” नेमका प्रश्न हाच आहे. झाकणाला आतून आटे असतात आणि त्यांच्यावर खाच पाडली तर भिंत कागदासारखी उरते, पहिल्यांदा पडली की तडकते. आगपेटीतली काडी आतून घालून आटे संपतात तिथपर्यंतची खोली मोजली, बाहेरून तेवढ्यावर खूण केली आणि खाच त्या खुणेच्या मागे, बटणाच्या बाजूला घेतली. रुंदी दोन मिलिमीटर, खोली एक. त्याआधी बटण, स्प्रिंग, रबरी टोपी, ओ-रिंग, सगळं काढून घ्या, नाहीतर ॲल्युमिनिअमचा चुरा आत जातो आणि पुढे शॉर्ट होतं. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरताना झाकणाला कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी गुंडाळली, म्हणजे जबड्याचे वण उठत नाहीत. काळा थर म्हणजे ॲनोडायझिंग, तो कडक असतो. भाऊंनी कार्बाइडचं टूल लावलं आणि हळू फीडवर घेतलं. शंभर रुपये.

५ ऑक्टोबरचा पहिला प्रयत्न फसला. तीन चुका एकदम झाल्या, आणि तिन्ही कुणाच्याही हातून होतील अशाच आहेत.

पहिली: स्टीलच्या चमच्याने कालवलं. ही पूड दगडासारखी कडक असते. ती चमच्याला घासते, लोखंडाचा बारीक अंश उतरतो आणि मिश्रण करडं पडतं. करडं झालेलं मिश्रण उजेड घेतही नाही आणि सोडतही नाही. कालवायला आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा प्लास्टिकची दांडी, भांडंही प्लास्टिकचं. दुसरी: एपॉक्सी कालवल्याबरोबर, पातळ असतानाच भरलं. अर्ध्या तासात निम्मं ओघळून खाली गेलं आणि पूड जड असल्यामुळे खाचेच्या एका बाजूला बसली. तिसरी: खाच तशीच चकचकीत ठेवली होती. खाली पांढरा रंग असला की आत जाणारा उजेड परत वर फेकला जातो. पांढऱ्या तळाचं कडं आणि उघड्या धातूवरचं कडं शेजारी ठेवलं तर फरक लगेच दिसतो.

सगळं खरवडून काढावं लागलं. मग सोयाबीनची सोंगणी, मळणी, दिवाळी. बॅटरी महिनाभर तशीच पडून होती.

दुसऱ्यांदा ९ नोव्हेंबरला बसलो. या वेळचं माप देतो. २४ मिलिमीटर व्यासाच्या झाकणाला दोन बाय एकची खाच म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिलिटर जागा, मिश्रण पाव ग्रॅम. पण एपॉक्सी इतकं कमी कालवता येत नाही. दोन भागांचं प्रमाण थोडं जरी चुकलं तरी ते कायमचं चिकट राहतं. म्हणून कमीत कमी २ ग्रॅम रेझिन, १ ग्रॅम हार्डनर आणि ३ ग्रॅम पूड. एवढ्यात वाया जाईल ते धरूनही दहा-बारा बॅटऱ्या होतात, तेव्हा शेजारपाजारच्यांच्या बॅटऱ्या गोळा करूनच बसा. वजन सोनाराकडच्या काट्यावर केलं, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा गावात त्यांच्याकडेच असतो. डब्यावरचं प्रमाण वजनाने आहे की मापाने हे नक्की वाचा. दोन्हींत फरक पडतो.

दोन दिवस आधी खाच अल्कोहोलने पुसून पांढऱ्या ऑइल पेंटचा एक पातळ हात दिला होता आणि चोवीस तास वाळवला होता. रेझिन आणि हार्डनर आधी तीन मिनिटं कालवले, भांड्याच्या कडा खरवडत. मग पूड थोडी थोडी घातली. झटकन ओतली तर फुगे धरते. पूड घालताना नाका-तोंडाला रुमाल बांधा. मग भांडं तसंच ठेवून दिलं. पंचवीस-तीस मिनिटांनी मिश्रण काकवीसारखं झालं, काडी उचलली की तार जाड आणि सावकाश पडायला लागली. भरायची वेळ हीच. त्याआधी ते ओघळतं, त्यानंतर गुठळी होते. मधेमधे ढवळा, नाहीतर पूड तळाशी बसते.

खाचेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मिश्रण काडीने खाचेत किंचित उंच भरलं आणि वरून पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी एका टोकापासून ताणत गुंडाळत नेली. पट्टी पुढे सरकते तसा फुगा आणि जास्तीचं मिश्रण पुढे ढकललं जातं आणि शेवटी कडेने बाहेर येतं. त्या पट्टीला एपॉक्सी धरत नाही, वाळल्यावर ती सहज सुटते आणि खाली गुळगुळीत कडं राहतं. ओघळण्याचा प्रश्नच उरत नाही. ही एक युक्ती सापडली नसती तर दुसरा प्रयत्नही वाया गेला असता.

नोव्हेंबरच्या रात्री गार असतात आणि गारठ्यात एपॉक्सी सुकत नाही, पृष्ठभागावर तेलकट थर येतो. म्हणून सकाळी नऊला भरलं आणि दिवसभर उन्हात ठेवलं, रात्री गव्हाच्या कोठीत. पट्टी दुसऱ्या दिवशी दुपारी काढली. मग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने. घासल्याने पुडीचे कण उघडे पडतात आणि या पुडीला पाणी लागलं की ती हळूहळू मरते, म्हणून पूर्ण कोरडं करून वर नुसत्या एपॉक्सीचा एक पातळ थर द्यावाच लागतो. याच कारणाने ती फेव्हिकॉलमध्ये किंवा पाण्याच्या रंगात कालवून लावायची नाही. चार दिवस बरी दिसते, पुढे मंद होत जाते. मोबाइलच्या काचेचा यूव्ही गोंदही इथे जमत नाही. पूडच अतिनील किरण अडवते, वरचा पापुद्रा सुकतो आणि आतलं ओलंच राहतं.

पक्कं व्हायला आठवडा दिला. १७ नोव्हेंबरला बटण, स्प्रिंग, ओ-रिंग परत बसवलं.

आता रात्रीचं. कडं उजेडाने भरून घ्यावं लागतं, ट्रिटिअम आणि यात खरा फरक तेवढाच. बॅटरी स्वतःच्या शेपटावर उजेड पाडू शकत नाही, म्हणून मोबाइलचा लाइट कड्याला टेकवून गोल फिरवत दोन मिनिटं धरायचा. किंवा खोलीतल्या एलईडी बल्बखाली वीतभर अंतरावर दहा मिनिटं. पांढरा एलईडी मुळात निळ्या उजेडावर चालतो आणि या पुडीला निळाच लागतो. पिवळ्या जुन्या बल्बखाली तासभर ठेवलं तरी पुरेसं भरत नाही. दिवसभर गोधडीखाली पडलेली बॅटरी रात्री चमकणार नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्रीची पाळी होती तेव्हा नोंद ठेवली. साडेआठला कडं भरून बॅटरी स्टार्टरच्या पेटीशेजारच्या खुंटीला लावली, बाजेपासून सहा फूट. पहिली दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांत भरण्याएवढं उजळ, मग झपाट्याने उतरतं, आणि इथे बरेच जण निराश होतात. पण उतरण्याचा वेग पुढे मंदावत जातो. अकराला स्पष्ट हिरवं कडं. दोनला लाइन आली तेव्हा अजून पूर्ण गोल दिसत होता. साडेचारला मात्र सरळ बघितलं की नाहीसं व्हायचं आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा राखाडी कड्यासारखं उमटायचं. डोळ्याच्या बरोबर मध्यावर अंधारात बघणाऱ्या पेशी नसतात, त्या भोवती असतात, म्हणून असं होतं. हात नेमका तिथे गेला आणि दोरी बोटांत आली.

हे सगळं झोपेतून उठलेल्या डोळ्यांचं आहे. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, झोपलेल्या माणसाचे डोळे सरावलेलेच असतात. उठल्या उठल्या मोबाइलचा पडदा बघितला तर कडं त्याच क्षणी दिसेनासं होतं. मोबाइल उशाशी असेल तर आधी बॅटरी, मग मोबाइल.

एका बॅटरीचा हिशोब काढला तर माल दहा-वीस रुपयांचाही होत नाही, पण सामान सुट्टं मिळत नाही म्हणून सुरुवातीला लेथ धरून साधारण सव्वाआठशे लागतात. उरलेली पूड कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवली आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्यातून आणखी सात बॅटऱ्या झाल्या. त्याच मिश्रणातलं जास्तीचं स्टार्टरच्या हिरव्या बटणाच्या पेटीवर एक टिकली म्हणून लावलं, आणि एक विहिरीच्या काठावरच्या लोखंडी कठड्याला. पण कठड्याची टिकली दिवसभर उन्हात राहते. उघड्या उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की एपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून ती दर पावसाळ्यानंतर खरवडून नव्याने लावायची असं ठरवलं आहे.